अंगातले लोह आणि कातडीचा रंग

पवित्र शास्त्रात कातडी काळी पडल्याचे दोन उल्लेख आहेत, आणि ते एकमेकांसारखे नाहीत. गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायातील तरुणी सांगते की, द्राक्षमळे राखताना ऊन लागून आपण काळवंडलो. ईयोबाच्या तिसाव्या अध्यायात मात्र तो दुखणाईत मनुष्य म्हणतो की, आपण काळे पडलो आहोत खरे, पण उन्हामुळे नव्हे. एकीचा रंग कामाचा, दुसऱ्याचा दुखण्याचा. हा भेद आम्ही शब्बाथ शाळेच्या वर्गात कित्येक वर्षे शिकवीत आलो. तोच भेद समोरच्या बाकावर बसलेल्या एका मुलीत आम्हांस दिसला नाही, म्हणून हा पाठ लिहीत आहोत.

लोंढ्याच्या आमच्या वर्गात अकरा वर्षांची एक मुलगी येते. वडील रेल्वेच्या रुळांवर कामाला आहेत. मूल आठ महिन्यांचे असल्यापासून तिला रक्त द्यावे लागते. दर तीन आठवड्यांनी आई तिला घेऊन सकाळच्या गाडीने बेळगावला जाते आणि रात्री परत येते. मंडळीत सर्वांना एवढेच ठाऊक की पोरीला 'रक्त कमी' आहे. आम्हांसही तेवढेच ठाऊक होते. त्यापलीकडे विचारण्याची तसदी आम्ही घेतली नाही.

दोनेक वर्षांत तिचा रंग पालटत गेला. मूळची गव्हाळ मुलगी. तिच्या चेहऱ्यावर आणि हाताच्या पाठीवर राखेसारखी, किंचित तांबूस झाक चढू लागली. वर्गातल्या मुलांनी तिला एक नाव ठेवले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. आम्ही मुलांना दटावले, पण मुलीलाही सांगितले की मे महिन्याच्या उन्हात खेळू नकोस. तिची आजी आम्हांस म्हणाली, "गुरुजी, पोरगी दिवसेंदिवस काळी पडत चालल्या बघा. नजर लागली म्हणावं तर आपण ते मानत नाही." कोणी बेसन व हळद लावायला सांगितले. मंडळीतील एका मावशींनी मोठ्या मायेने लोहाच्या टॉनिकची बाटली आणली, आणि बीट, गूळ, खजूर भरपूर द्या असा निरोप दिला. ती बाटली तिच्या घरी पोहोचवणारे हात आमचेच होते.

बरे झाले की, त्या आईने बाटली उघडण्याआधी पिशवीत घालून बेळगावला नेली. पुढच्या खेपेस आम्ही सोबत गेलो, तेव्हा तेथील डॉक्टरबाईंनी आम्हांस बसवून सांगितले, "गुरुजी, या मुलीच्या अंगात लोह कमी नाही. लोह फार झाले आहे. रंग त्यानेच बदलतो आहे."

रक्त कमी आणि लोह जास्त हे एकाच देहात कसे असेल, असा प्रश्न वाचकांना पडेल. आम्हांसही पडला. ते समजण्यास फळ्यावर मांडता येईल इतकेच गणित पुरते.

मोठ्या माणसाच्या सबंध शरीरात लोह असते अवघे तीन ते चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या लहान खिळ्याएवढे. रोजच्या अन्नातून आतडी त्यातले एक-दोन मिलिग्रॅम आत घेतात, आणि कातडीच्या झडणाऱ्या पेशी वगैरेंतून जवळजवळ तितकेच बाहेर जाते. देहाला जास्तीचे लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची वाट नाही. मीठ जास्त झाले तर लघवीवाटे जाते, लोहाचे तसे नाही. कणगीला वरून तोंड आहे पण खाली भोक नाही, असा हा प्रकार. म्हणून निरोगी शरीर दारावरच राखण करते, गरज असेल तेवढेच आत घेते.

आता बाहेरून दिलेले रक्त पाहा. रक्ताच्या एका पिशवीत सुमारे २०० मिलिग्रॅम लोह असते, आणि ते दारावरच्या राखणदाराला न विचारता थेट शिरेतून आत येते. वर्षाला पंधरा-वीस पिशव्या लागल्या तर एका वर्षात तीन ते चार ग्रॅम लोह देहात साठते. मोठ्या माणसाच्या सबंध देहातला साठा एका वर्षात एका लेकराच्या अंगात! रक्तावाचून ते मूल जगत नाही, आणि रक्ताबरोबर आलेले लोह त्याला आतून पोखरते.

या मुलीचे दुखणे थॅलेसेमिया. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेसाठी आम्ही थोडीफार ग्रीक शिकलो, तिचा अशा ठिकाणी उपयोग होईल असे वाटले नव्हते. नव्या कराराच्या मूळ भाषेत समुद्राला 'थालास्सा' म्हणतात, आणि या रोगाच्या नावात तोच शब्द आहे. कारण तो पहिल्याने भूमध्य समुद्राकाठच्या वंशांतील मुलांत ओळखला गेला. अमेरिकेतील डेट्रॉइटचे डॉक्टर टॉमस कूली यांनी १९२५ साली त्याचे वर्णन केले. परंतु तो त्या समुद्रापुरता मुळीच नाही. आपल्या देशात दरवर्षी सुमारे १०,००० मुले थॅलेसेमियाचे तीव्र रूप घेऊन जन्माला येतात, आणि शंभरांत तीन-चार माणसे त्याचे वाहक असतात. वाहक म्हणजे स्वतः बहुधा धडधाकट, पण दोष पुढे देऊ शकणारे.

रंग का बदलतो? साठलेले लोह यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात, अंतःस्रावी ग्रंथींत जाऊन बसते, तसे थोडे कातडीतही बसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लोहाच्या त्रासाने कातडी आपले स्वतःचे काळे द्रव्य, ज्याला मेलॅनिन म्हणतात, ते अधिक तयार करते. काळे द्रव्य आणि लोह मिळून कोणाला काशाच्या भांड्यासारखी, तर कोणाला पाटीच्या दगडासारखी करडी झाक येते. चेहरा, मान, हाताची पाठ, कोपराखालचा भाग, नडग्या आणि जुने व्रण येथे ती प्रथम दिसते. काहींच्या तोंडातही आतल्या बाजूस डाग येतात. कातडी कोरडी पडते, नडगीवर कधी माशाच्या खवल्यांसारखी दिसते.

येथे एक गोष्ट शिक्षकांनी नीट ध्यानात घ्यावी. वर्ण हा रोग नव्हे. आमच्या खानापूर तालुक्यात गोरे, सावळे, काळे सर्व प्रकारचे लोक आहेत, आणि सावळ्या मुलीकडे पाहून तिच्या आईला 'हिची तपासणी करा' म्हणणारा शिक्षक अडाणीही ठरेल आणि निष्ठुरही. पाहायचा तो बदल. सावळ्या अंगावर हा बदल चटकन दिसत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीचा नाताळचा फोटो शेजारी ठेवला म्हणजे दिसतो. आम्ही तसे केले तेव्हा आमच्याच डोळ्यांवर आमचा विश्वास बसेना. दर रविवारी पाहणाऱ्याला तो दिसत नाही, सुट्टीत आलेल्या पाहुण्याला दिसतो.

तसेच, काळवंडणे म्हणजे लोहच असे समजून घाबरून जाऊ नये. लोहाचे कारण त्यामानाने विरळ आहे. बायकांच्या गालांवरचे वांग निराळे. मानेच्या मागे मखमलीसारखा जाड काळेपणा येतो तो बहुधा वाढलेल्या वजनाशी आणि मधुमेहाच्या सुरुवातीशी जोडलेला असतो. बोटांची पेरे काळी पडणे हे ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावातही होते, आणि आपल्याकडे ते पुष्कळ आढळते. ॲडिसनचा रोग नावाच्या दुखण्यात हिरड्या आणि तळहाताच्या रेघा काळ्या होतात. काही औषधांनीही रंग बदलतो. कुष्ठरोगावरच्या औषधांपैकी क्लोफाझिमिन घेणाऱ्यांची कातडी तांबूस काळी होते, ती औषध संपल्यावर हळूहळू निवळते. कुष्ठरोगाचा चट्टा म्हणाल तर तो बहुधा आसपासच्या कातडीपेक्षा फिकट किंवा तांबूस असतो आणि तेथे स्पर्श कळत नाही. लोहाच्या काळेपणात स्पर्श शाबूत असतो. हे मुद्दाम लिहिले, कारण कातडीत काही बदल दिसला की त्या एका रोगाचे नाव कुजबुजण्याची सवय आपल्या मंडळ्यांतूनही अजून गेलेली नाही. लेवीय तेराव्या अध्यायातील याजकाला तरी काय सांगितले आहे? त्याने पाहावे, शंका असल्यास सात दिवस थांबावे, आणि पुन्हा पाहावे. पहिल्याच दिवशी डांगोरा पिटण्याची मुभा त्याला नाही. आणि आम्ही तर याजकही नाही, वैद्यही नाही.

मग शंका केव्हा घ्यावी? रंग बदलला आहे आणि त्याबरोबर आणखीही काही आहे, तेव्हा. ज्याला वारंवार रक्त दिले जाते, त्याच्या बाबतीत तर नेहमीच. मोठ्या माणसांत न जाणारा थकवा, बोटांच्या, विशेषतः तर्जनी व मधल्या बोटाच्या बुडाशी दुखरे सांधे, नव्याने निघालेला मधुमेह, यकृताची सूज, हृदयाची धडधड. मुलांत उंची खुंटणे, वयात येण्यास उशीर होणे. अशा वेळी डॉक्टरांना विचारावे की, लोहाची तपासणी करावी काय? ती साध्या रक्ताची असते. एकीचे नाव फेरिटिन. साठ्याच्या कणगीत किती आहे त्याचा अंदाज तिने येतो. दुसरीचे नाव ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या गाड्या किती भरल्या आहेत ते ती सांगते. ताप, सूज, यकृताचे दुसरे दुखणे यांतही फेरिटिन वाढते, तेव्हा कागदावरचा आकडा पाहून घरच्या घरी निदान करू नये. वारंवार रक्त घेणाऱ्यांत, दहा-वीस पिशव्या झाल्यावर किंवा फेरिटिन १,००० च्या पुढे गेल्यावर, लोह काढण्याचे औषध सुरू करण्याची रीत आहे. कातडी काळी पडेपर्यंत वाट पाहायची नसते. कातडी हा फार उशिरा येणारा साक्षीदार आहे. तो येतो तोवर यकृत व हृदय यांनी बरेच सोसलेले असते.

रक्त न घेताही लोह साठण्याचा एक आनुवंशिक रोग आहे, त्याला हिमोक्रोमॅटोसिस म्हणतात. पॅरिसचे वैद्य त्रूसो यांनी १८६५ साली मधुमेह, यकृताचा रोग आणि काशासारखी कातडी एकत्र असलेला रुग्ण नोंदला. जर्मन शास्त्रज्ञ फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८९ साली या रोगाला आजचे नाव दिले. तो घराण्यातून येतो हे १९३५ साली इंग्रज डॉक्टर शेल्डन यांनी मांडले, आणि त्याचे जनुक सापडले १९९६ साली. यात दारावरचा राखणदारच झोपलेला असतो. आतडी गरजेपेक्षा जास्त लोह वर्षानुवर्षे आत घेतात. उत्तर युरोपातील वंशांत हा पुष्कळ आढळतो, आपल्या लोकांत त्याचे ते नेहमीचे रूप अगदी विरळ. परदेशी रोगांची माहिती वाचून आपल्याला तोच झाला असे ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मात्र लोंढ्यासारख्या रेल्वेच्या जंक्शनवर एकेकाळी अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत. ज्यांचे पूर्वज युरोपीय आहेत त्यांनी सांधेदुखी, मधुमेह आणि काळवंडणे एकत्र दिसल्यास डॉक्टरांना ते सांगावे. या रोगाचा इलाज तर इतका साधा आहे की ऐकून हसू येईल. रक्त काढायचे! एका वेळी साधारण ४५० मिलिलिटर काढले की २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर जाते; उरलेले काम नवे रक्त तयार करताना शरीर स्वतःच करते.

दारूविषयीही एक शब्द. दारूने यकृत बिघडते हे सर्वांस ठाऊक; परंतु ती लोहाचा साठाही वाढवते आणि साठलेल्या लोहाचा यकृतावरचा मारा दुप्पट कठीण करते. तसेच ज्यांच्या अंगात लोह जास्त आहे त्यांनी गोव्याकडून आलेली कालवे व शिंपल्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या खाऊ नयेत; समुद्राच्या पाण्यातले काही जंतू अशा रक्तात झपाट्याने वाढून जिवावर बेततात.

थॅलेसेमियाच्या मुलाचे रक्त काढता येत नाही, ते आधीच अपुरे. म्हणून लोहाला धरून बाहेर नेणारी औषधे द्यावी लागतात. जुने औषध डेफरॉक्सामिन, १९६० च्या दशकापासूनचे. ते कातडीखाली सुई ठेवून लहानशा पंपाने रात्रीचे आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री द्यायचे. ज्या आयांनी हे वर्षानुवर्षे केले त्यांच्या पुढे आम्ही मान लववतो. पुढे तोंडाने घेण्याची डेफेरिप्रोन ही गोळी आली. ती प्रथम वापरात आणणाऱ्या देशांत आपला देश होता, आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने ती १९९० च्या दशकात बाजारात आणली. नंतर डेफेरासिरॉक्स आले, ते दिवसातून एकदाच घ्यायचे. या औषधांविषयी दोन गोष्टी आईबापांना सांगून ठेवाव्यात. डेफेरिप्रोनने लघवी तांबडी होते. ते रक्त नव्हे, घाबरू नये. परंतु हे औषध चालू असताना ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर औषध थांबवून त्याच दिवशी रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. क्वचित त्या एकदम घटतात आणि साधा संसर्ग जीवघेणा ठरतो. ताप आहे म्हणून 'सकाळी बघू' हे येथे चालत नाही. आमच्या बाजूची पावसाळ्यातली रात्र आणि गाड्यांच्या वेळा ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे किती अवघड आहे ते सांगायला नको. म्हणूनच शेजाऱ्यांपैकी कोणाकडे वाहन आहे हे आधीच ठरलेले असावे.

या रोगाचा मुळावर इलाज म्हणजे जुळणाऱ्या भावंडाच्या हाडातील मगजाचे रोपण. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात थॅलेसेमियाच्या मुलावर असे रोपण १९८६ साली झाले. खर्च आणि धोका दोन्ही मोठे, आणि बहुधा जुळणारे भावंड लागते. तरी विचारून पाहण्यास हरकत नाही.

आता त्या टॉनिकच्या बाटलीकडे परत येऊ. आमच्या लिहिण्याचा उलटा अर्थ कोणी काढू नये. या देशात लोह कमी असणाऱ्यांची संख्या लोह जास्त असणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट मोठी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के पंडुरोगी आढळल्या. गरोदर बाईला मिळणारी लाल गोळी आणि शाळेत आठवड्याला मिळणारी निळी किंवा गुलाबी गोळी ही वरदानच आहेत, त्या टाकून देऊ नयेत. परंतु ज्या मुलाला वारंवार रक्त दिले जाते त्याने ती शाळेची गोळी घ्यायची नाही, आणि हे शाळेच्या बाईंना लेखी कळवलेले असावे. नाहीतर रांगेत उभे केलेले आज्ञाधारक मूल ती मुकाट्याने गिळते. ज्या बाईचा पंडुरोग महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हटत नाही, तिनेही आणखी बाटल्या आणण्यापेक्षा थॅलेसेमियाची वाहक आहोत काय ते तपासून घ्यावे. वाहकाचे रक्त थोडे फिकट असतेच, आणि ते लोहाने भरून येत नाही.

पाळकसाहेबांना आणि मंडळीच्या पंचांना यातून एक काम आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. पहिले रोगी झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नव्हे. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने काढली जाते. आपल्या मंडळ्या लहान, घराणी थोडी, सोयरीक त्यांतल्या त्यांत. लग्नाची सूचना उपासनेत वाचण्यापूर्वी, खरे म्हणजे सुपारी फुटण्यापूर्वीच, मुलामुलीची हिमोग्लोबिन ए-२ ची तपासणी एकदा होऊन जावी. ती आयुष्यात एकदाच करावी लागते. कागद उघड करू नये, तो त्या दोन घरांचा आहे. ज्यांच्या घरी आधीच असे मूल आहे, त्यांना पुढील गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांतच गर्भाची तपासणी करून घेता येते हेही सांगावे. मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तरोगांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तेथे या विषयावर अनेक वर्षे काम चालते. २०१६ च्या कायद्याने थॅलेसेमिया हे अपंगत्वांच्या यादीत धरले आहे, तेव्हा दाखला मिळवता येतो. आणि अशा रुग्णांना रक्त प्रक्रियेचा आकार न घेता द्यावे असे सरकारी धोरण आहे. हे ठाऊक नसल्यामुळे पैसे भरणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

वर्गाचे काय केले, असे कोणी विचारील. मुलीच्या आईची परवानगी घेऊन, आणि मुलीलाही विचारून, आम्ही ते लोहाचे गणित फळ्यावर मांडले. मुलांनी गुणाकार बरोबर केला. नाव ठेवणारा जो मुलगा होता तो शेवटी म्हणाला, "म्हणजे टीचर, हिच्या अंगात रुळाएवढं लोखंड होईल?" ती मुलगी सर्वांत आधी हसली.

आता ती रोज औषध घेते. लोह खेचणाऱ्या औषधाला वर्षे लागतात, रंगाला त्याहून अधिक. तिचा चेहरा अजून राखाडी आहे, पूर्वीसारखा होईल की नाही हे डॉक्टरबाईंनी सांगितलेले नाही. मागच्या कागदावर फेरिटिन ३,००० च्या खाली आले. त्यांना ते १,००० च्या आत हवे आहे. पुढच्या रक्ताच्या दिवशी आमच्या मंडळीतले दोन तरुण सकाळच्या गाडीने तिच्याबरोबर जाणार आहेत, रक्तपेढीत आपले रक्त द्यायला.